दोन शायांचा केसपेपर

सल्ला मागणारं एक पत्र आलंय, ते थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या वकीलबाई ३६ वर्षांच्या. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी अकरा वर्षं प्रॅक्टिस करतात. सिनिअरकडे असताना डॉक्टरांच्या केसेस हातात आल्या आणि त्यातच जम बसला. आज गावातली आणि तालुक्यातली सतरा हॉस्पिटलं त्यांच्याकडे आहेत. गेल्या महिन्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. मावसबहिणीचं बाळ एका हॉस्पिटलमध्ये दगावलं. ते हॉस्पिटल यांचंच अशील, म्हणून केस घ्यायला त्यांनी नकार दिला, आणि मावशीने बोलणं टाकलं. दुसरी गोष्ट फाईलमधली. बाळंतपणानंतर रक्तस्राव होऊन २६ वर्षांची एक बाई गेली. नवऱ्याने जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली, सोबत केसपेपरची झेरॉक्स जोडली. त्या झेरॉक्सवर रात्री १:१५ नंतर एकदम २:३० ची नोंद आहे. डॉक्टरांनी वकीलबाईंना दिलेल्या मूळ फाईलमध्ये मात्र मधल्या जागेत दोन ओळी जास्तीच्या आहेत, वेगळ्या पेनाने लिहिलेल्या: "१:४० डॉक्टरांना फोन. १:५० डॉक्टर हजर." डॉक्टर म्हणतात, घडलं तसंच, सिस्टरने फक्त नंतर लिहिलं, त्या रात्री वॉर्डात ती एकटीच होती. नोटीस मिळून बारा दिवस झालेत. बाई विचारतात, "ताई, हे काम सोडून द्यावं का? रुग्णांच्या बाजूने उभं राहावं का? की पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटल ग्रुपची पूर्णवेळ लीगलची नोकरी आली आहे, ती घ्यावी? तिथे निदान कोर्टात उभं तरी राहावं लागणार नाही."

ताई म्हणालात, आणि मीही तुमच्याच पेशातली, म्हणून मोठ्या बहिणीच्या हक्काने लिहिते. तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत, आणि गुंता आहे तोवर दोन्ही सुटणार नाहीत. एक आहे जन्मभराच्या कामाचा, दुसरा त्या एका फाईलचा. जन्मभराचा प्रश्न सहा महिने थांबला तरी चालेल. फाईलचा थांबणार नाही.

तेव्हा आधी फाईल. ग्राहक आयोगात नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत म्हणणं, म्हणजे लेखी उत्तर, दाखल करावं लागतं, फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही, हे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेच ठरवून टाकलंय. तुमचे बारा गेले. डॉक्टरांना दुसरा वकील बघायची वेळ आलीच, तर त्या वकिलालाही फाईल वाचायला दिवस हवेत. म्हणून या आठवड्यातच.

त्या दोन ओळी पुन्हा नीट पाहा. त्या खोट्या आहेत, असं मी म्हणत नाही. रक्तस्राव सुरू झालेल्या बाईपाशी एकटी सिस्टर असेल तर तिचे हात सलाईन, इंजेक्शन, पोट दाबून धरणं यांत गुंतलेले असणार. त्या तासाभरात ती पेन हातात घेणार नाही, घेऊही नये. नंतर लिहिणं हा गुन्हा नाही. नंतर लिहून ते तेव्हाच लिहिल्यासारखं दाखवणं, तिथे सगळं बिघडतं. उशिरा केलेल्या नोंदीवर 'उशिरा केलेली नोंद' असंच लिहायचं, खाली लिहिल्याची तारीख, वेळ आणि सही. चुकलेलं खोडायचं तर एकच आडवी रेघ, खालचं अक्षर वाचता येईल अशी, बाजूला सही. व्हाइटनर नाही, गिरवणं नाही, मधल्या रिकाम्या जागेत बारीक अक्षरात बसवणं नाही. हे वाचणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने एवढं जरी आपल्या स्टाफला सांगितलं तरी मला समाधान आहे.

आता डॉक्टरांना एक गोष्ट समजावून सांगा. रुग्णाने किंवा नातेवाइकांनी मागितली की ७२ तासांच्या आत कागदपत्रं द्यायची, हा मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीतला नियम आहे. त्यांनी तो पाळला, चांगलं केलं. पण म्हणजेच नवऱ्याकडची प्रत ओळी पडण्याआधीची आहे, आणि ती आयोगापुढे आधीच गेलीय. तुम्ही मूळ फाईल दाखल केलीत की पहिल्याच तारखेला समोरचा वकील दोन कागद शेजारी शेजारी ठेवणार. त्यानंतर बाकीच्या फाईलमधल्या खऱ्या नोंदींवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. बाळंतपणातला रक्तस्राव योग्य उपचार होऊनही जीव घेऊ शकतो. रुग्ण दगावला एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय. बचाव करता येईल अशी केस असेलही. ती या दोन ओळींनी बुडेल.

आणि डॉक्टर खरंच १:५० ला आले असतील तर त्याच्या खुणा केसपेपरबाहेरही असणार. सिस्टरच्या मोबाईलवरून गेलेला फोन. रक्तपेढीला पाठवलेल्या मागणीपत्रावरची वेळ. ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर. भूलतज्ज्ञाला कोणी आणि कधी बोलावलं. गेटवरचा वॉचमन, सीसीटीव्ही शिल्लक असेल तर ते. हे सगळं गोळा करा आणि म्हणण्यातच सरळ लिहा की या दोन नोंदी नंतर केलेल्या आहेत, अमुक तारखेला, अमुक कारणाने, आणि त्या वेळांना दुजोरा देणारा पुरावा हा. स्वतःहून सांगितलेली गोष्ट आणि पकडली गेलेली गोष्ट यांत न्यायाधीश किती फरक करतात, ते तुम्ही अकरा वर्षं पाहिलंय.

खुणा सापडल्या नाहीत तर? मग डॉक्टरांशी तडजोडीचं बोला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आयोगाकडूनच मध्यस्थीकडे जायची सोय आहे. फक्त त्याआधी त्यांची व्यावसायिक विमा पॉलिसी वाचा. विमा कंपनीला विचारल्याशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे देऊ करायचे नाहीत, अशी अट त्यात बहुधा असतेच, आणि ती मोडली तर कंपनी हात वर करते. आणि डॉक्टर म्हणाले की नाही, हाच कागद याच वेळेचा म्हणून दाखल करा, तर वकीलपत्र काढून घ्या. सबळ कारण हवं आणि पुरेशी सूचना द्यायची, हा बार कौन्सिलचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. याहून सबळ कारण कुठलं? न झालेल्या कामाची फी परत करा. मात्र बाहेर पडून त्या नवऱ्याच्या वकिलाला फोन करायचा नाही. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं बाहेर न्यायचं नाही, हे बंधन वकीलपत्र सुटल्यावरही सुटत नाही. विश्वासाच्या आड बनावट पुरावा उभा करायला मात्र कायदा संरक्षण देत नाही. या दोन्हींच्या मध्ये अडकल्यासारखं वाटलं तर बारमधल्या एखाद्या ज्येष्ठाकडे जा, नावं न सांगता विचारा. एकट्याने ठरवू नका.

आता मोठा प्रश्न. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: "मी चुकीच्या बाजूला उभी आहे असं वाटतं." कुठली बाजू चुकीची? तुमच्या सतरा अशिलांपैकी बहुतेक दहा-पंधरा खाटांची, नवरा-बायको दोघं मिळून चालवतात तसली हॉस्पिटलं, असं तुम्हीच लिहिलंय. रात्री दोनला कोणी दार वाजवलं तर उठणारे लोक. त्यांच्यावर आलेली प्रत्येक तक्रार खरी नसते, जशी प्रत्येक खोटीही नसते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डॉक्टरवर फौजदारी गुन्हा लावायला नुसती चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो, आणि पोलिसांनी आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं. त्यामागे डॉक्टरची बाजू मांडणारा वकील होता. तो नसता तर अवघड रुग्णाला हात लावायलाच डॉक्टर घाबरले असते, आणि त्यात पहिली मेली असती ती तालुक्याच्या गावातली बाळंतीण.

उलट बाजूही तितकीच खरी. डॉक्टरांच्या जबाबदारीच्या कायद्याचं एक मूळ आपल्याच मातीत आहे. १९५३ साली गुहागरजवळ पालशेतच्या किनाऱ्यावर मांडीचं हाड मोडलेला एक तरुण मुलगा पुण्याला नेला आणि तिथल्या उपचारांत दगावला. वडील कोर्टात गेले. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन भरपाई कायम झाली ती ३,००० रुपयांची. पण त्या निकालात डॉक्टरची तीन कर्तव्यं लिहिली गेली: रुग्ण हाती घ्यावा की नाही हे काळजीने ठरवणं, कोणता उपचार द्यायचा हे काळजीने ठरवणं, आणि तो काळजीने देणं. आजही आपण तेच उद्धृत करतो. तीन हजार रुपयांसाठी कोणी पंधरा वर्षं कोर्टात जात नाही. त्या बापाला काय हवं होतं, ते मी माझ्या एका केसमध्ये फार उशिरा शिकले.

तेही सांगते. पंचवीसेक वर्षं झाली असतील. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालाने डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आले होते आणि डॉक्टरमंडळी पार धास्तावलेली होती. एका हॉस्पिटलची केस माझ्याकडे होती, शस्त्रक्रियेनंतर गेलेल्या मुलाची. मी डॉक्टरांना पहिल्याच दिवशी बजावलं, घरच्यांशी एक अक्षर बोलायचं नाही, जे काय ते माझ्यामार्फत. त्या काळी सगळे वकील हाच सल्ला देत, मीही दिला. चौथ्या वर्षी उलटतपासणीत डॉक्टरांनी सांगितलं की मुलाला भुलेच्या औषधाची अगदी क्वचित येणारी प्रतिक्रिया आली होती, आणि ते स्वतः चाळीस मिनिटं त्याची छाती दाबत होते. तारीख संपल्यावर मुलाची आई व्हरांड्यात माझ्याजवळ आली. हातात जेवणाच्या डब्याची पिशवी होती. म्हणाली, "बाई, एवढंच तेव्हा सांगितलं असतं तर मी इथं आलेच नसते. मला वाटलं, त्याच्यापाशी कोणी नव्हतंच." आम्ही केस जिंकलो. ती चार वर्षं मात्र मी तिच्याकडून घेतली, हे मला आजही वाटतं.

त्यानंतर मी माझ्या डॉक्टरांना बोलायला लावायला लागले. "मला फार वाईट वाटतं" हे चुकीची कबुली नसते. काय झालं, कोणत्या क्रमाने झालं, आम्ही काय केलं, हे खुर्चीवर बसून, मराठीत, वडीलधाऱ्यांना समोर घेऊन सांगणं हीही कबुली नसते. तुमच्या या फाईलमध्ये त्या नवऱ्याशी असं कोणी बोललंय का? पत्रात तसं काही दिसलं नाही.

म्हणून मला वाटतं, तुम्ही काम सोडू नका. त्यातला कुठला भाग करायचा, ते बदला. आज तुमच्याकडे नोटीस आल्यावर फाईल येते. तुम्ही सतरा हॉस्पिटलांत नोटिशीच्या आधी जा. वर्षातून दोनदा, एक दुपार. दहा केसपेपर कुठलेही उचला आणि वाचा. अर्ध्या-अर्ध्या तासाचं बीपी सलग आठ वेळा ११०/७० असेल, एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेलं, तर तिथेच थांबा आणि विचारा. संमतीपत्र पाहा. बहुतेक ठिकाणी ते इंग्रजीत छापलेलं, रकाने कोरे, खाली नवऱ्याची मराठी सही. शुद्धीवर असलेल्या सज्ञान बाईच्या शरीराबद्दलची संमती तिचीच लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या एका निकालात तर तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीचं गर्भाशय आईच्या संमतीवर काढलं म्हणून डॉक्टरांना दोषी धरलं. फॉर्म मराठीत करून द्या, धोके तिला कळतील अशा शब्दांत. सोनोग्राफी असेल तिथे एफ फॉर्म, म्हणजे गरोदर बाईच्या सोनोग्राफीच्या नोंदीचा फॉर्म, तपासा. गर्भलिंगनिदानाच्या कायद्यात नुसती अपुरी नोंदही उल्लंघन ठरते. धर्मादाय ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, ही २००६ पासूनची योजना तिथे खरोखर राबते की फळ्यावरच आहे, ते बघा. हे काम कोर्टातल्या युक्तिवादाइतकं दिसत नाही, फीसुद्धा कमी. पण यातून वाचलेल्या बाईला तुम्हाला कधी भेटावं लागत नाही.

स्टाफवर हात उगारला जातो तेव्हाही त्यांच्या पाठीशी उभं राहा. २०१० चा आपला राज्याचा कायदा त्यासाठीच आहे, आणि ती तक्रार पोलीस ठाण्यात नीट लिहून घ्यायला वकील सोबत असला की फरक पडतो.

रुग्णांच्या बाजूने जायचंय, हेही वाईट नाही. फक्त गावात उद्यापासून तुम्ही त्याच हॉस्पिटलांविरुद्ध उभ्या राहू शकणार नाही, राहूही नये. त्यांच्या आतल्या गोष्टी तुम्हाला त्यांनी विश्वासाने सांगितल्या आहेत. त्यापेक्षा शेजारच्या जिल्ह्यातल्या, तुमचा संबंध नसलेल्या एक-दोन केसेस वर्षाला घ्या. किंवा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर नाव द्या. स्त्रियांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, पण टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास यांच्या नोंदींचा तक्ता) वाचता येणारा वकील तिथे सहसा नसतो. तुम्हाला येतो. दोन्ही बाजू हाताळलेला वकील जास्त सावधपणे बोलतो, असा माझा अनुभव आहे.

पुण्याच्या नोकरीबद्दल थोडंच. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, स्थगित करावी लागते, हे त्या लोकांनी तुम्हाला सांगितलंय का? अकरा वर्षांची प्रॅक्टिस तिथे थांबते. आणि "कोर्टात उभं राहावं लागणार नाही" म्हणून जात असाल तर जाऊ नका. तिथे रात्री अकराला बिलिंग काउंटरवरून फोन येणार, पैसे भरल्याशिवाय डिस्चार्ज देत नाही म्हणून नातेवाईक ओरडताहेत, काय करू? कोर्टात निदान समोर न्यायाधीश असतो. तिथे त्या क्षणी तुम्हीच असाल. तुमचं "नाही, सोडा त्यांना" हे ऐकलं जाणार असेल, तुम्ही मार्केटिंगच्या हाताखाली नसाल, आणि रुग्णांच्या तक्रारी थेट तुमच्याकडे येणार असतील, तर ती जागा मोठी आहे, जरूर विचार करा. हे मुलाखतीतच विचारून घ्या, लेखी घ्या.

एक गोष्ट आपल्या पेशाबद्दल. २०२४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वकिलांची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही. डॉक्टर येतात, आपण नाही. माझ्या अनेक डॉक्टर अशिलांना हे बोचतं, आणि मला त्यांचं बोचणं समजतं. आपली सेवा कमी पडली म्हणून आयोगात आपल्याला कोणी खेचणार नाही. म्हणून त्या दोन ओळींबद्दल तुम्हाला झोप येत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ती अस्वस्थता तुमच्या कामाचं हत्यार आहे, ती घालवायच्या मागे लागू नका.

मावशीकडे जा. केस घेतली नाहीत ते बरोबरच केलंत, पण 'नाही' म्हणून तुम्ही दारातूनच परतलात, असं पत्रातून दिसतं. त्या हॉस्पिटलने तुम्हाला काय सांगितलंय, यातलं काहीही बोलायचं नाही. पण कागद मागायचा हक्क आहे आणि ७२ तासांत मिळायला हवेत, तक्रारीची मुदत दोन वर्षांची, घाई नको पण विसरू नका, आणि दुसऱ्या गावातला एखादा चांगला वकील मी सुचवते, एवढं सांगायला तुम्हाला कोणीच अडवलेलं नाही. बहिणीपाशी जरा वेळ बसा. तिथे वकील म्हणून जायची गरजच नाही.

आणि सोमवारी हॉस्पिटलमध्ये जाल तेव्हा सिस्टरशी वेगळं बोला, डॉक्टर खोलीत नसताना. "हे कधी लिहिलंस?" याने सुरुवात करू नका. "त्या रात्री काय काय झालं?" एवढंच विचारा, आणि ती रडली तर रडू द्या. ती एकटीच होती तिथे, आणि आजवर बहुधा तिला कोणी विचारलेलंच नाही.